घाटावरचा ठसा

सात वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला आपण उत्तर दिले नाही, ही गोष्ट भूपालअण्णा हेरवाड्यांना रोज आठवे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण दाढी करताना, वाचनालयाचे कुलूप काढताना, कुणी सहज ‘बरं आहे ना, अण्णा?’ म्हणून विचारले की ते मध्येच आठवे, आणि पुढचे काही क्षण समोरचा माणूस काय बोलतो आहे ते त्यांना कळत नसे.

पत्र ओवी मगदूमचे होते. आठव्या वर्षी ती कुरुंदवाडच्या वाचनालयात गोष्टीचे पुस्तक बदलायला आली, कोपऱ्यातल्या बुद्धिबळाच्या पटाशी थांबली, ती पुढची अकरा वर्षे तिथेच होती. एकोणिसाव्या वर्षी ती परदेशी, बाकूला, नव्या प्रशिक्षकाकडे गेली. त्यांनी तिचे डाव पाहिले आणि म्हणाले, ही मुलगी एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी खेळते. तिने ते पत्रात जसेच्या तसे लिहिले होते. अण्णांना फोनवर धड बोलता येत नाही हे तिला ठाऊक होते, म्हणून दोन पाने हाताने लिहिली होती. शेवटी विचारले होते: ‘अण्णा, माझ्या इतक्या डावांमध्ये माझी स्वतःची अशी एक तरी चाल तुम्हाला दिसली का? दिसली असेल तर कोणती, तेवढंच कळवा.’

अण्णा अकरा वेळा उत्तर लिहायला बसले. तिचे सगळे डाव त्यांनी पटावर पुन्हा मांडून पाहिले. प्रत्येक चालीवर त्यांना वाटे, इथे मीही हेच खेळलो असतो. ‘नाही दिसली’ असे कळवणे निर्दयपणाचे होते आणि खोटे लिहिणे त्यांना जमत नव्हते. म्हणून उत्तर राहिले, असे ते स्वतःची समजूत घालत. त्याच्या खाली आणखी एक कारण होते, ते मात्र ते मनातल्या मनातही उच्चारत नसत. एकही चाल सापडली नाही, याचे त्यांना बरे वाटले होते.

२०४१च्या मार्चमध्ये निनाद परुळेकर नावाचा तिशीतला गृहस्थ, जागतिक पट महासंघाचा तपासनीस, पुण्याहून एक पेटी घेऊन वाचनालयात आला. तोवर ओवी ताश्कंदला जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली होती. गावात तिचे फोटो असलेले फलक लागले होते. आणि आदल्या दिवशीच बातमी आली होती की तिच्या चाली संशयास्पद ठरल्या असून तिला निलंबित करण्यात आले आहे.

खेळातली लबाडी पकडणे हा त्या वर्षांत मोठा प्रश्न होऊन बसला होता. पूर्वी खेळाडूच्या खिशात फोन सापडे. मग कानात बसणारी, नंतर डोळ्याच्या भिंगात बसणारी आणि शेवटी कातडीखाली बसणारी यंत्रे आली, आणि खेळाडूची झडती घ्यायची म्हणजे शस्त्रक्रियाच करायची वेळ आली. तेव्हा जागतिक पट महासंघाने माणूस तपासायचे सोडून चाल तपासायला सुरुवात केली.

त्यामागचे तत्त्व समजायला अवघड नाही. पटावर कुठल्याही क्षणी तीस-पस्तीस चाली शक्य असतात. बहुतेक वाईट असतात. कधी त्यांत एकच उघड चांगली असते. ती कुणीही जाणकार खेळेल, तिच्यावरून माणूस ओळखता येत नाही. पण पुष्कळदा चार-पाच चाली सारख्याच चांगल्या असतात. संगणकाला त्यांच्यात डावे-उजवे करता येत नाही. माणूस मात्र त्यांतली एक उचलतो, आणि तीच का उचलली हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. अशा पाच-सहा हजार निवडी एकत्र केल्या की त्यांना एक वळण दिसू लागते, जसे हस्ताक्षराला असते. महासंघाने त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिले होते. मराठी वर्तमानपत्रांनी ‘ठसा’ म्हटले आणि तेच रूढ झाले. प्रत्येक खेळाडूचा ठसा नोंदवलेला असे. स्पर्धेतल्या त्याच्या चाली दुसऱ्याच कुणाच्या ठशाशी जुळू लागल्या, तर त्या ‘परक्या’ ठरत.

निनादने हे सगळे अण्णांना समजावून सांगितले. अण्णा मान हलवत ऐकत होते. ओवीच्या डावांच्या शेवटच्या टप्प्यात शंभरातल्या अडुसष्ट चाली परक्या निघाल्या होत्या.

“कुणाच्या?” अण्णांनी विचारले.

निनादने पेटी उघडत त्यांच्याकडे न पाहताच सांगितले, “तुमच्या, सर.”

अण्णांचा ठसा महासंघाकडे कसा गेला, हे त्यांना आधी कळेना. मग आठवले. दहा वर्षांपूर्वी वाचनालयाने जुनी कागदपत्रे संगणकावर चढवली, तेव्हा त्यांच्या त्रेचाळीस वह्याही चढवल्या होत्या, आणि महासंघाने जगभरचे असे जुने संग्रह नुकतेच आपल्या यंत्रात भरले होते. अण्णा समोरासमोर कधी खेळू शकले नव्हते. तरुणपणी तीनदा जिल्हा स्पर्धेला गेले आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत हरून आले. समोर माणूस बसला की त्यांचा हात थरथरे, आपण चुकणार अशी खात्रीच होई, आणि मग ते चुकत. पण पोस्टाने खेळायचे म्हटले की हेच गृहस्थ वेगळे होत. पोस्टकार्डावर एक चाल लिहून पाठवायची, महिन्याने उत्तर यायचे. लाइपझिगचा एक दंतवैद्य, अर्जेंटिनातला एक शाळामास्तर, असे कितीतरी लोक त्यांनी पोस्टाने हरवले होते. तो सगळा संग्रह वह्यांत होता. पुढे ओवीला शिकवतानाचे डावही त्याच वह्यांत लिहिलेले होते.

निनादचे म्हणणे असे की पंचमंडळाला एकच शक्यता दिसते: अण्णा इथून चाली कळवतात आणि ओवी तिथे खेळते. येत्या गुरुवारी सुनावणी होती. तोवर दुसरा खुलासा मिळाला नाही तर ओवी बाद, आणि वर दहा वर्षांची बंदी.

“मी तर तिच्याशी सात वर्षं बोललोही नाही,” अण्णा म्हणाले.

“असं सगळेच म्हणतात, सर. म्हणून तर मला पाठवलंय. तुमचा ताजा ठसा घ्यायचाय.”

तीन सकाळी अण्णा त्या पेटीसमोर बसले. पेटीच्या झाकणावर पट उमटे, त्यावर एखाद्या अर्ध्या खेळलेल्या डावाची मांडणी येई, आणि अण्णांनी आपली चाल दाखवायची. समोर माणूस नव्हता, त्यामुळे हात थरथरला नाही. दोनशे मांडण्या झाल्या. निनादने आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातला कोरडेपणा गेला.

“आमच्याकडे चार लाख खेळाडूंचे ठसे आहेत, सर. शेवट असा खेळणारी जगात दोनच माणसं आहेत. तुम्ही आणि त्या. आणि त्या तर अंतिम फेरीत आहेत.” त्याने पेटी मिटली. “तुम्ही कधी मोठ्या स्पर्धांना का गेला नाहीत?”

अण्णांनी काहीतरी पुटपुटत विषय बदलला. पण त्या दुपारी घरी जाताना ते कृष्णेच्या घाटाकडच्या लांबच्या रस्त्याने गेले, आणि त्यांची चाल नेहमीसारखी नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षे आपण कुणीच नाही असे धरून चाललेल्या माणसाला एका यंत्राने सांगितले होते, की जगाच्या अंतिम फेरीपर्यंत जो खेळ पोचला होता तो त्याचा होता. मुलगी संकटात होती, हे त्यांना कळत होते. तरी छातीत काहीतरी उबदार हलत होते, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही ते जात नव्हते.

घाटाच्या वरच्या पायरीवर रसूल मुजावर बसला होता. रसूल म्हणजे अण्णांच्याच वयाचा शिंपी, आता डोळ्यांनी अधू झालेला. त्या पायरीच्या दगडात बुद्धिबळाचा पट कोरलेला आहे. पूर्वी त्यावर डझनभर माणसे पाळीपाळीने खेळत, आता हे दोघेच उरले होते. ते खेळत तो देशी खेळ. त्याचे नियम आंतरराष्ट्रीय खेळाहून थोडे निराळे.

“आरं ये की. तुझं नाव निघालं म्हणं जगात,” रसूल म्हणाला. “आता आमच्यासंगं खेळतोस का दर वाढला तुझा?”

अण्णा हसले आणि बसले. तासाभराने डाव शेवटाला आला. रसूलची बाजू भारी होती. अण्णांकडे राजा आणि एक प्यादे एवढेच उरले होते. रसूलच्या हत्तीला ते प्यादे फुकट मिळत होते. रसूलने ते मारले नाही. हत्ती बाजूने नेला आणि राजाला कोंडायला घेतले.

यात नवल काहीच नव्हते. घाटावर असेच खेळत. देशी नियमात समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर ती ‘बुर्जी’ होते आणि डाव बरोबरीत जातो. जिंकणाऱ्याची मेहनत वाया. म्हणून शत्रूचे शेवटचे प्यादे जिवंत ठेवायचे आणि मग मात करायची. ही सवय घाटावर येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या महिन्यात लागे. आणि शेवटी एक प्यादे वाचवायचे, तर वीस चाली आधीपासूनच आपले हत्ती-घोडे निराळ्या घरांवर उभे करावे लागतात.

अण्णा रसूलच्या हत्तीकडे बघत राहिले.

“खेळ की,” रसूल म्हणाला. “का झोप लागली?”

आंतरराष्ट्रीय खेळात बुर्जी नसते. तिथे शेवटचे प्यादे मारले काय आणि ठेवले काय, बहुतेक वेळा सारखेच. संगणकाला फरक दिसणार नाही. म्हणजे ज्या निवडींवरून ठसा काढतात, नेमक्या त्या या. अण्णांनी आयुष्यभर पोस्टकार्डांवर शेवटचे प्यादे ठेवले होते, कारण ते घाटावर शिकले होते. ओवीने ठेवले, कारण ती अण्णांकडे शिकली होती. घाटावर एवढी माणसे खेळली, पण कुणी कधी चाल लिहून ठेवली नव्हती. लिहिणारा एकच होता. यंत्राला सगळ्या घाटातला तेवढाच माणूस ठाऊक होता.

म्हणजे तो ठसा अण्णांचा नव्हताच.

हे त्याच क्षणी निनादला सांगायला हवे होते. तो कोपऱ्यावरच्या लॉजमध्येच उतरला होता. अण्णांनी डाव पुरा केला, हरले, घरी आले. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले आणि तिथेही बोलले नाहीत. नीट विचार करून सांगावे, चुकलो तर हसे होईल, असे त्यांनी स्वतःला पटवले. निनाद आला, त्याने त्यांना आदराने ‘सर’ म्हटले, बाकूच्या प्रशिक्षकांनी त्यांच्या जुन्या वह्या मागवल्याचे सांगितले. अण्णांनी त्याला चहा पाजला. असे दोन दिवस गेले.

बुधवारी दुपारी वाचनालयाच्या फोनवर ओवीचा फोन आला. सात वर्षांनी तो आवाज ऐकून अण्णा खुर्चीत बसले. तिने क्षेमकुशल विचारले नाही. शेजारी आपला वकील बसला आहे आणि बोलणे नोंदवले जात आहे, हे तिने आधीच सांगून टाकले.

“अण्णा, गेल्या सात वर्षांत तुम्ही मला एक तरी चाल कळवलीत का?”

“नाही.”

“पत्र, निरोप, एखादी ओळ?”

“नाही, ओवी.”

“हेच हवं होतं मला,” ती म्हणाली. “माझ्याजवळ तेवढाच पुरावा आहे.”

फोन बंद झाला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अण्णांना सोपे गेले असते. त्यांचे सात वर्षांचे गप्प राहणे आता तिच्या बचावाचे कागद झाले होते.

ते उठले आणि अनवाणीच लॉजवर गेले. निनादला म्हणाले, पेटी घेऊन घाटावर चला. वाटेत त्यांनी त्याला बुर्जी समजावून सांगितली. निनाद ऐकत होता, पण त्याचा चेहरा विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा नव्हता. म्हाताऱ्याने शिष्येला वाचवायला एक गोष्ट रचली, असेच त्याला वाटले असणार.

रसूल आधी तयारच होईना. आंतरराष्ट्रीय खेळ आपल्याला येत नाही, यंत्रापुढे आपली शोभा कशाला, असे त्याचे म्हणणे. मोहरी तीच आणि पटही तोच, हे अण्णांनी परोपरीने सांगितले. निनाद पेटीतली प्रत्येक मांडणी पाहून तशीच दगडावर मांडे, रसूल मोहऱ्यांवरून बोटे फिरवून बघे आणि चाल करी. ऐंशी मांडण्या झाल्या. मग पेटीने उत्तर दिले. निनादने ते दोनदा वाचले.

“काय म्हणतंय?” रसूलने विचारले.

“तुम्ही ओवी मगदूम आहात म्हणतंय. एक्याऐंशी टक्के.”

रसूल पोट धरून हसला. “म्हंजे ताश्कंदला मला पाठवाय पायजे हुतं. विमानात बसाय मिळालं असतं.” मग हसू ओसरल्यावर अण्णांकडे वळून म्हणाला, “आणि तू रं? तुझं तर नाव निघालं हुतं.”

“माझं नव्हतं ते,” अण्णा म्हणाले.

त्यांनी तसे लिहून दिले. ‘शेवट खेळण्याची ही पद्धत माझी नाही. ती मी कुणाला दिली असेल तर माझी म्हणून दिलेली नाही.’ निनादने विचारले, सर, एवढं कशाला लिहिता, नुसता रसूलभाईंचा ठसा पुरे आहे. अण्णांनी सही केली. दोन दिवस आपण हे लपवले, हे मात्र त्या कागदात नव्हते.

गुरुवारी पंचमंडळाने ओवीला खेळायची परवानगी दिली. पण नियमपुस्तकात ठसा माणसाचा असतो. गावाचा ठसा ही गोष्ट तिथे बसत नव्हती. म्हणून अट घातली: अंतिम सामन्यातल्या कुठल्याही डावाच्या शेवटच्या टप्प्यात परक्या चालींचे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेले, तर तो डाव रद्द आणि सुनावणी पुन्हा. प्रेक्षकांनाही कळावे म्हणून पडद्यावर पटाखाली एक पट्टी दाखवण्यात येणार होती. स्वतःची चाल हिरवी, परकी पिवळी. आणि पट्टी खेळाडूलाही दिसणार होती, कारण त्याच्यापासून काही लपवणे न्याय्य नाही, असे मंडळाचे मत पडले.

समोर होता जॉर्जियाचा लेवान, गेल्या वेळचा विजेता. बारा डाव. बरोबरी झाली तर मुकुट त्याच्याकडेच राहणार.

अकरा डाव झाले तेव्हा दोघांचे गुण सारखे होते. त्या डावांमध्ये ओवी वेगळी खेळत होती. अण्णांना ते पहिल्याच दिवशी कळले. मधला भाग ती नेहमीसारखा खेळे. शेवट जवळ आला की तिची नजर पटावरून खाली पट्टीकडे जाई आणि वर येई, आणि मग ती अशी चाल करी की जी वाईट नसे पण तिच्या हातातली वाटत नसे. जणू कुणी उजवा हात बांधून लिहायला लावले आहे. अण्णांना जिल्हा स्पर्धेतला आपला हात आठवला.

बारावा डाव रविवारी दुपारी होता. वाचनालयात पुस्तकांची कपाटे भिंतीला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या. ओवीचे आईवडील ताश्कंदला गेले होते. बाकी अर्धे गाव आले होते. रसूलला पडदा दिसत नव्हता, म्हणून अण्णा त्याच्या कानाशी चाली सांगत होते.

पासष्टाव्या चालीला ओवी जिंकत होती. तिच्याकडे वजीर आणि दोन प्यादी. लेवानकडे राजा, हत्ती आणि एका कडेला एक प्यादे. लेवानचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला होता. निनाद पुण्याहून पाहत होता. त्याने अण्णांना निरोप पाठवला, आणखी दहा चालींत संपेल.

पट्टी एकोणचाळीसवर होती.

एकाहत्तरावी चाल ओवीची. तिचा वजीर ते शेवटचे प्यादे मारू शकत होता. किंवा त्याला सोडून वजीर मध्यावर आणता येत होता.

“प्यादं जिवंत हाय न्हवं?” रसूलने विचारले.

“आहे.”

“मग झालं. आणील आता वजीर मधी.”

ओवीचा हात वजिरावर गेला. तिने खाली पाहिले. पडद्यावर तिचा चेहरा जवळून दिसत होता, आणि त्यावर जी भीती होती ती हरण्याची नव्हती. वजीर मध्यावर गेला असता तर चाल पिवळी झाली असती आणि आकडा चाळीसच्या पुढे गेला असता. तिने वजीर उचलला आणि प्यादे मारले.

पट्टीत एक हिरवी रेघ आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी रसूलला काही सांगितले नाही. रसूलने त्यांच्या दंडाला धरले. “मारलं?”

“मारलं.”

“आरं, मग त्याला हलाय काय ऱ्हायलं?”

लेवानने क्षणभरच विचार केला आणि आपला हत्ती ओवीच्या राजाच्या अगदी तोंडाशी नेऊन शह दिला. हत्ती फुकट मिळत होता. पण तो मारला असता तर लेवानकडे कोंडलेला राजाच उरला असता, त्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. आणि नियमाप्रमाणे डाव तिथेच बरोबरीत सुटला असता. प्यादे असते तर त्याला एक चाल उरली असती, आणि हत्ती मारता आला असता. ओवीने राजा हलवला. हत्ती तिच्या राजामागोमाग गेला आणि पुन्हा शह दिला. सहा वेळा असे झाले. मग ओवीने घड्याळ थांबवले आणि हात पुढे केला. डाव बरोबरीत सुटला, मुकुट लेवानकडेच राहिला.

घाटावर प्यादे बुर्जीच्या भीतीने ठेवत. त्यात हेही एक शहाणपण दडले आहे, हे घाटावर कुणाला माहीत नव्हते. अण्णांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत होते की ओवी मगदूमवरचा संशय पूर्णपणे दूर झाला आहे. महासंघाने तिच्या सचोटीचे कौतुक केले होते. निर्णायक चाल यंत्राच्या मते दुसऱ्या कुणाच्याच ठशाशी जुळत नव्हती, म्हणून ती तिची स्वतःची होती.

अण्णांनी ते वाक्य वाचले. मग वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन वहीमागून वही काढत बसले. अडतिसाव्या वहीत त्यांना हवे ते पान सापडले. पान स्वच्छ होते, कुठे खाडाखोड नव्हती. आपण इतके नीटनेटके खोटे कधी लिहिले होते, याचे त्यांनाच नवल वाटले. त्यांनी टेबलावर कागद घेतला. या वेळी मसुदा केला नाही.

‘चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला सात वर्षं लागली. क्षमा मागायला मला तोंड नाही, म्हणून नुसतं उत्तर देतो.

हो, तुझी एक चाल होती. जुलै २०२४, वही अडतीस, डाव एकशे बारा. तू नऊ वर्षांची होतीस. तू माझं शेवटचं प्यादं मारलंस. मी म्हटलं, ठेव परत. तू म्हणालीस, या खेळात बुर्जी नसतेच ना, अण्णा, मग का ठेवायचं? मला उत्तर सुचलं नाही. मी आवाज चढवून म्हटलं, ठेव म्हटलं ना. तू ठेवलंस. वहीत मी तुझी चाल लिहिली नाही, मी सांगितलेली लिहिली. पुढे दहा वर्षं तू माझ्यासमोर एकदाही मारलं नाहीस, आणि एकदाही ‘का’ विचारलं नाहीस. तुझे डाव चाळताना मला तुझी चाल दिसेना, त्याचं कारण हे आहे. यंत्राने माझ्या वह्या वाचल्या, त्यालाही ती दिसली नाही.

रविवारची एकाहत्तरावी चाल तुझी, असं ते म्हणतात. ती तुझी होती की त्या पट्टीच्या धाकाची, हे मला सांगता येणार नाही. ते तुलाच ठाऊक. तुझी नसेल, तर ‘ठेव’ म्हणताना जसं मला काही वाटलं नव्हतं, तसं त्यांनाही काही वाटलेलं नाही.

आणखी एक. रसूलची आणि माझी पद्धत एकच आहे, हे मी उघड केलं त्याच्या दोन दिवस आधीच मला कळलं होतं. मी सांगितलं नाही. तो ठसा माझा आहे असं दोन दिवस वाटू द्यावं, असं मला वाटलं.

या पत्राला उत्तर नको.

भूपाल हेरवाडे’

कुरुंदवाडचे पोस्ट आता आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी उघडे असते. मंगळवारी अण्णा पहिले होते. खिडकीतल्या बाईंनी पाकिटाचे वजन केले, बाकूचा पत्ता वाचला आणि म्हणाल्या, पोचायला तीन आठवडे तरी लागतील, त्यापेक्षा यंत्रावरून पाठवा की, आत्ता जाईल. अण्णा म्हणाले, असू दे. त्यांनी तिकिटे स्वतः चिकटवली. बाहेरच्या लाल पेटीच्या फटीत पाकीट अर्धे घातले, आणि तिथे त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी तो थरथरू दिला. मग पाकीट सोडले.